चांदीची अंडी आन् सलीमचाचा

हसू नका, माझी पीएचडी एका भल्या माणसानं बुडवली. चांदीच्या बारीक कणांचा थर दिला की अंड्यावरचे जंतू मरतात, हे मला दाखवायचं होतं. म्हणून जाफराबादला सलीमचाचांच्या अंड्याच्या दुकानात दोन ट्रे ठेवल्ते, एक चांदीच्या थराचा, एक साधा. वीस दिवसांनी तपासलं, तर साध्या अंड्यांवरच जंतू कमी! धावत दुकानात गेलो.

"चाचा, ट्रेला हात लावल्ता का?"

"चांदीवाल्याला बिलकुल न्हाई, बेटा. त्यातलं एक बी खराब झालं न्हाई. साधी मात्र सडून राह्यल्ती, मंग रोज ताजी बदलून ठेवली. तुझं नाव खराब नको व्हायला!"

म्हणजे माझी चांदी खरी ठरल्ती, आन् तिचा पुरावा चाचा रोज उकिरड्यावर फेकत होते.