आत्याचे दणकट पाय

तुम्हाला माझी समुद्रकाठच्या डोंगरी गावची आत्या माहीत आहे ना, बोंबील सुकवते ती? तिच्या पायांचं आम्हा सगळ्यांना भारी कौतुक. मे महिन्यात भर दुपारी ती तापलेल्या वाळूत अनवाणी उभी राहते. मी एकदा चप्पल काढून मदतीला गेले आणि दोन पावलांतच नाचत परत आले. आत्या हसली, "मीरा रोडला राहून नाजूक झालीस गं. मला बघ, काय पन होत न्हाय."

संध्याकाळी ती पाय धुवायला बसली, तर टाचेत शिंपल्याचा तुकडा रुतलेला. रक्त येऊन सुकलंसुद्धा होतं. मी विचारलं, "हा कधी लागला?" ती म्हणाली, "कुठं काय लागलाय?"

मला राहवेना. तिला शुगर आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. आत्या कुरकुरली, "साखर रगतात हाय, पाय कशाला बघता?"

डॉक्टर म्हणाले, "रक्त पायातही जातंच ना, मावशी. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की नसा बिघडतात, मग लागलेलं कळत नाही. डोळे मिटा. मी तळव्याला हा दोरा टेकवतो, कळलं की 'हो' म्हणा."

आत्याने डोळे मिटले. डॉक्टरांनी नायलॉनचा जाडसर दोरा एका तळव्यावर पाच-सहा ठिकाणी टेकवला, मग दुसऱ्या तळव्यावर. मी एकदा दोऱ्याकडे बघतेय, एकदा तिच्या तोंडाकडे. शेवटी डॉक्टरांनी दोरा टेबलावर ठेवला.

तशी आत्या डोळे मिटूनच म्हणाली, "डॉक्टर, सुरू करा की आता. तिकडं बोंबील उन्हात हायत."