वाय-बी-फोर-यू-नाइन्टीनाइन

नाही पण मला एक सांगा, पितांबर नानांचं चुकलं काय? बायकोने केलेल्या बिबड्यांच्या पुड्यावर बायकोचं नाव पाहिजे, एवढंच तर म्हणत होता माणूस! एवढंच! तर जावई काय म्हणतो, "नाना, नाव फार लांब आहे हो." लांब! यशोदाबाई काय सुरतेचा हायवे आहे का लांब असायला?

तुम्हाला सांगतो, नाना म्हणजे एसटीतले रिटायर कंडक्टर. अमळनेर-धुळे गाडीवर उभी हयात गेली. "पारोळाऽऽ... मुकटीऽऽ... फागणेऽऽ..." अशी आरोळी, की मागच्या सीटवर घोरणारा म्हातारासुद्धा बरोबर आपल्या गावी उतरायचा. आणि यशोदाबाई म्हणजे बिबडे, आपले खानदेशी ज्वारीचे पापड! ज्वारी भिजवायची, दळायची, लसूण-मिरची घालून घाटा शिजवायचा, खाटेवर कापड अंथरून भर उन्हात हाताने पातळ पसरायचा... एप्रिल-मेमध्ये बाईंचे हात कोपरापर्यंत भाजलेले असतात. एकोणीसशे नव्व्याण्णव सालापासून! अमळनेरात कोणालाही विचारा, बिबडे म्हणजे यशोदाबाईंचे. विषय संपला.

विषय संपला होता हो, पण यंदा जावई आले! भूपेंद्रराव. मूळचे दीपनगरचे, आता पुण्यात कॉम्प्युटरमध्ये. कॉम्प्युटरमध्ये म्हणजे नक्की काय करतात ते लेकीलाही माहीत नाही, मोहिनीला विचारलं तर म्हणते, "मीटिंग करतात." तर हे जावईबापू ओट्यावर बसले, आठ बिबडे खाल्ले, आणि म्हणाले, "आईंची वेबसाइट पाहिजे. लोक घरबसल्या मागवतील."

नाना खूश! म्हणाले, "करा. नाव टाका, यशोदाबाईंचे बिबडे."

"छे छे! इंग्रजीत त्याचं स्पेलिंग कोणाला येणार? एस-एच लिहायचं का नुसता एस? बिबडे मध्ये ए घालायचा का नाही? दहा लोक दहा प्रकारे लिहितील. नाव छोटं पाहिजे, नाना. जग छोट्या नावाकडे चाललंय. वाय बी!"

"म्हणजे?"

"यशोदाबाई बिबडे. वाय, बी."

आणि लगेच मोबाइलमध्ये बघतात तर काय, वाय-बी आधीच गेलेलं! कोणीतरी घेऊन ठेवलेलं. कोणी? तर म्हणे चीनमध्ये कोणीतरी.

आता नाना जावयाशी शुद्ध बोलतात, मान असतो ना! पण तिथे मात्र तोंडातून घरचीच भाषा बाहेर पडली, "चीनमधला माणूसले यशोदाबाईनं नाव कसाले लागस?"

जावई म्हणाले, मग पुढे फोर यू लावू. आकडा चार आणि अक्षर यू. म्हणजे 'तुमच्यासाठी.' तेही गेलेलं! मग म्हणाले, आईंनी कोणत्या साली चालू केलं? नव्व्याण्णव? लावा शेवटी नव्व्याण्णव. झालं! वाय-बी-फोर-यू-नाइन्टीनाइन डॉट कॉम! आणि टाळी मागायला हात पुढे!

नानांनी दिली टाळी. काय करतील? जावई! पण आत गेले, मोरीत चूळ भरली आणि भिंतीला म्हणाले, "छ्या! हाई काय नाव शे का? हाई तं गाडीनी नंबरप्लेट शे!"

बरं, ते नाव मोबाइलमध्ये राहतं तर राहतं. पण जावयांचं म्हणणं, ब्रँड म्हणजे सगळीकडे एकच नाव! महिन्याभरात पुण्याहून खोकी आली. चकचकीत पुडे, हिरवे, आणि त्यावर हे एवढं मोठं YB4U99. बस! यशोदाबाई नाही, बिबडे नाही, अमळनेर नाही. यशोदाबाईंनी पुडा उलटा केला, सुलटा केला, उन्हात धरला. हळूच विचारलं, "मन्हं नाव कोठे शे?"

नानांनी वाय वर बोट ठेवलं. "हाई."

"एवढंसं?"

छ्या! तुम्हीच सांगा, हे काय नाव झालं? अहो, औषधाच्या गोळीलासुद्धा याच्यापेक्षा बरं नाव असतं!

आणि मग आलं धुळ्याचं प्रदर्शन. महिला बचत गटांचं, तीन दिवसांचं. सगळ्या उन्हाळ्याचा माल घेऊन नाना-यशोदाबाई पहाटेच्या गाडीने धुळ्याला. स्टॉल मिळाला, पुडे रचले, आणि आयोजकांनी माइक नानांच्या हातात दिला. "नाना, तुमची वेबसाइट सांगा लोकांना." नानांना काय, आरोळी म्हणजे हातचा मळ! छाती भरून घेतली आणि...

"वाय बी फोर यूऽऽ नव्व्याण्णव!"

"फोर आकड्यात का अक्षरात?" एक जण.

"आकड्यात!"

"आणि यू? नुसता यू का वाय-ओ-यू?"

"नुसता!"

"नव्व्याण्णव का एकोणनव्वद?"

"नव्व्याण्णव! नवावर नऊ!"

"नवावर नऊ म्हणजे नऊ-शून्य-नऊ का?"

अहो, जो माणूस भर यात्रेच्या गर्दीत कधी कोणाला चुकीच्या गावी उतरवत नव्हता, तो पाच मिनिटांत घामाघूम! त्यात एका पोरीने काहीतरी दाबलं, आणि मोबाइलमध्ये टकलावर केस उगवायचं तेल निघालं. तिची आई विचारते, "नाना, बिबडे डोक्याला लावायचे का?" नानांनी माइक खाली ठेवला. तोंड असं झालं होतं, जसं कोणी चहात मीठ टाकलंय. "छ्या! हाई काय नाव शे का? छ्या!"

पण खरं पुढे आहे. ऐका. दुपारी एक बाई आल्या, देवपूरच्या, वयस्क, अंगावर चांगलं लुगडं. पुडा उचलला, नाकाला लावला, खाली ठेवला. समोर यशोदाबाई बसलेल्या. त्यांनाच म्हणतात, "नको हो अक्का. हे कंपनीचं दिसतंय. आमच्या घरी वीस वर्षं एकच बिबडे लागतात, अमळनेरच्या यशोदाबाईंचे. ते कुठे मिळतील?"

यशोदाबाई म्हणाल्या, "मीच यशोदाबाई."

बाई हसल्या. "आता सगळेच असं म्हणतात!" आणि गेल्या.

गेल्या हो! सरळ चालत गेल्या. यशोदाबाई आपल्या हातांकडे बघत बसल्या. भाजलेले हात, नखांत अजून लसणाचा वास... नानांच्या मनात आलं, आयुष्यभर लोकांना बरोबर ठिकाणी उतरवलं, आणि स्वतःच्या बायकोला हे कुठे उतरवून बसलो?

नाना उठले. शेजारच्या मसालेवाल्या बाईकडून काळा मार्कर मागून आणला आणि यशोदाबाईंच्या हातात दिला. "लिही."

"काय लिहू?"

"तुनं नाव."

यशोदाबाई तिसरी शिकलेल्या. एकेक अक्षर खोदल्यासारखं काढतात. जीभ दातात धरून पहिल्या पुड्यावर लिहिलं, य शो दा बा ई. शो ची मात्रा पार कोपऱ्यात गेली. दुसऱ्यावर लिहिलं. तिसऱ्यावर. आणि नाना उभे राहिले, माइक नाही काही नाही, "यशोदाबाईंचे बिबडेऽऽ! अमळनेरच्याऽऽ!" अहो, तिसऱ्या रांगेतली गर्दी वळली! देवपूरच्या त्या बाईसुद्धा परत आल्या. पुड्यावर लिहिणारा हात बघितला, चेहरा बघितला, आणि म्हणाल्या, "अगंबाई... तुम्हीच का त्या!" चार पुडे घेतले. तीन दिवसांचा माल दुसऱ्या दिवशी दुपारीच संपला.

तिसऱ्या दिवशी हे सगळं बघायला कोण आलं? जावईबापू, मोहिनीला घेऊन! त्यांनी नमुन्याला ठेवलेला शेवटचा पुडा हातात घेतला आणि डोळे चमकले. "वा! हाताने सही! हाच आपला ब्रँड! थांबा, पूर्ण नाव मिळतं का बघतो." तिथल्या तिथे मोबाइल काढला, यशोदाबाई बिबडे असं सगळं टाइप केलं. मोकळं होतं! पहिल्या दिवसापासून मोकळं होतं. चीनमध्ये, जपानमध्ये, अमेरिकेत, कोणालाही नको होतं! यांनी बघितलंच नव्हतं!

नानांनी कपाळाला हात लावला. पण म्हटलं, जाऊ दे, झालं ना एकदाचं. सगळे घरी आले, ओट्यावर जावयांपुढे तळलेले बिबडे ठेवले, आणि नाना सुटकेचा श्वास घेऊन म्हणाले, "मग आता ते नंबरप्लेटवालं बंद ना?"

"बंद कसं? ते मी एकदम दहा वर्षांसाठी घेतलंय. वाया कशाला घालवायचं, नाना? त्यावर आता तुमचं काहीतरी काढू!"

दहा वर्षं! नानांनी तोंड उघडलं. सगळं काही जिभेवर आलं, तुम्हाला सांगतो, सगळं! मग मोहिनीकडे बघितलं, यशोदाबाईंकडे बघितलं, तोंड मिटलं, आणि म्हणाले,

"जावईबापू, अजून दोन बिबडे तळायला सांगू का?"