तिसऱ्या ओळीवरचा थांबा

दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीबाहेर बाकावर सुतार बसला होता. सहा आठवडे झाले तरी मोडलेलं मनगट वळत नव्हतं. आज यादीतलं नाव खोडून घरी जायचं, असं त्याने ठरवलं होतं. शेजारी दोघीजणी बोलत होत्या.

“मावशी, अर्धांगाच्या झटक्यानंतरही चर्चमध्ये पेटी वाजवता?”

“घरी आल्यावर दुसऱ्याच रविवारी बसले. गीताच्या तिसऱ्या ओळीवर बोटं अडायची. मंडळी थांबायची, मग पुढे गायची.”

“लाज नाही वाटली?”

“वाटली की. प्रभूला म्हटलं, हात तुझा, रविवार माझा. तू तुझं बघ, मी बसते.”

“मग ऐकलं त्याने?”

“वर्ष लागलं. रोज प्रार्थना, आणि रोज हा रबरी चेंडू दाबायचा. आता बोटं पळतात. पण मंडळीला सवय लागलीय, अजून तिथे थांबते.”

“मग सांगून टाका ना.”

“सांगणारच होते. पण गेल्या महिन्यात पाळकसाहेबांची बायको गेली. परवा ते गायला उभे राहिले आणि तिसऱ्या ओळीवर त्यांचा गळा दाटून आला. मी समोर होते म्हणून दिसलं. बाकी कुणाला कळलंही नाही. सगळेच थांबले होते.”

आतून हाक आली, “पुढचं कोण?”

“मी,” सुतार बाही वर सारत म्हणाला.