आधी बॉल, मग माणूस

...आणि वर सॉरी मीच म्हणायचं! म्हणजे बघा, पाय माझा मोडला, प्लास्टर माझ्या पायात, कुबड्या माझ्या काखेत, आणि आमची आसावरी म्हणते, "मनोहर, आधी दादाला सॉरी म्हण, तुझ्यामुळे त्याच्या करिअरचा शेवट रेड कार्डाने झाला." हसा, हसा. मंडळाच्या गणपतीत करमणुकीचा कार्यक्रम तुम्हाला हवाच होता, मीनाक्षीकाकूंनी मला बसायला खुर्चीही दिली आहे, तर आता सगळं ऐकाच. आणि ते मागे, खांबाजवळ, मोदक खातंय ना, दाराएवढं, डोक्याला टक्कल, भुवईवर टाके... अहो, सगळे एकदम वळून बघू नका ना! तोच. क्लेओमार. माझा मेहुणा.

आता तुम्ही म्हणाल, मनोहर नागपूरचा, बायको सांगलीची, मेहुणा ब्राझीलचा कसा? तेच तर सांगतोय तुम्हाला. हा माणूस धंदेवाईक फुटबॉलपटू. त्यातही डिफेंडर. डिफेंडर म्हणजे काय, तर समोरचा गोल मारायला येतो, त्याला येऊ द्यायचं नाही. बस्स, एवढंच काम. कसं येऊ द्यायचं नाही ते क्लब विचारत नाही. तिकडे ब्राझीलमध्ये कुठल्याशा खाणींच्या गावात जन्मला, मिसरूड फुटायच्या आत पहिली मॅच खेळला, त्यात एका स्ट्रायकरचं खांद्याचं हाड मोडलं आणि गावाने याला खांद्यावर घेऊन नाचवलं. अशा वळणाचं गाव! मग शहरातला क्लब, तिथे लोकांची नाकं. मग पोर्तुगाल, तिथे गुडघे. तिथल्या रेफ्रीने म्हणे याला बघितलं की शिट्टी वाजवायच्या आधी लाल कार्ड काढून हातात धरलेलं असायचं, उगीच खिशात शोधण्यात वेळ कशाला! आणि मग दोन हजार एक साली स्वारी अमेरिकेत.

अमेरिकेत तुम्हाला माहीत आहे, फुटबॉल म्हणजे दुसरंच काहीतरी, आपल्या फुटबॉलला हे सॉकर म्हणतात आणि बघायला येतात आया, गालावर रंग लावलेली चिल्लीपिल्ली घेऊन, डब्यात संत्र्याच्या फोडी. आणि त्या संत्र्याच्या फोडींसमोर हा गडी पहिल्याच मॅचला जमिनीला समांतर उडाला. समोरचा पोरगा नुकता कॉलेजातून आलेला, गोरापान, तो बॉलसकट, बुटासकट, जाहिरातीच्या फळीवर. फळी मोडली. दात गवतात. पोरं रडायला लागली, एका आईने मुलाचे डोळे झाकले, कोच धावत आला, "क्लेओमार! ईझी, मॅन, ईझी!" आणि हा दोन्ही हात वर करून, चेहरा असा की जणू आत्ताच देवळातून आलाय, "कोच, फर्स्ट बॉल. देन मॅन."

आधी बॉल, मग माणूस. हे याचं तत्त्वज्ञान. याच्यावर त्याचं सगळं करिअर उभं. नियमच आहे म्हणे, आधी बॉलला पाय लागला तर फाउल नाही, मग पुढे माणसाचं काय व्हायचं ते होवो. पण नशीब बघा, हा दुसऱ्यांची हाडं मोडत राहिला आणि याचे क्लब मोडत राहिले. पहिला बंद पडला, दुसरा गाव सोडून गेला, आणि तिसऱ्या क्लबाने याला उचलून आणलं ते कुठे? सांता क्लाराला. राहायला कुठे? आमच्या अपार्टमेंटात, आमच्या डोक्यावर!

दोन हजार चार सालची गोष्ट. हा जिन्यात बसलेला, गुडघा सुजून नारळाएवढा, त्यावर गोठवलेल्या मटारची पिशवी. आसावरी कपडे धुऊन येत होती. आता तुम्हीच सांगा, सांगलीची बाई, कुणाचा सुजलेला गुडघा बघून सरळ घरी येईल? पुढच्या मिनिटाला त्याच्या गुडघ्यावर आंबेहळदीचा गरम लेप, आणि हा सहा फुटी राक्षस लहान मुलासारखा डोळे पुसतोय, कारण आई गेल्यापासून याच्या दुखण्याला हात लावला तो फक्त क्लबच्या डॉक्टरने, आणि तोही हातमोजे घालून. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं हो. मीच घरी बोलावलं त्याला, आमटीभात वाढला. माझ्या हाताने वाढला!

आणि मग आली राखीपौर्णिमा. हिचा सख्खा भाऊ निमिष सांगलीला, त्याची राखी पोस्टाने जाते ती गणपती विसर्जनाला पोचते. मग हिने काय करावं? पाट मांडला, निरांजन लावलं, आणि बांधली क्लेओमारला राखी. इथपर्यंत ठीक. आपण बांधतोच, बसवाल्याला बांधतो, वॉचमनला बांधतो, बर्फी देतो, विसरतो. पण हा प्रोफेशनल! हा मनगटाकडे बघतो आणि विचारतो, "सिस्टर, व्हॉट इज माय जॉब?" ही म्हणाली, "यू प्रोटेक्ट मी." म्हणाला, "ओके. आय ॲम डिफेंडर. फ्रॉम हू?"

आणि तुम्हाला सांगतो, इथे आमचा घात झाला. आपल्या सगळ्या बायका करतात तशी हिने गंमत केली. माझ्याकडे बोट दाखवलं. "फ्रॉम हिम!"

मी हसलो. ही हसली. तो नाही हसला. त्याने मला बघितलं, टाळूपासून घोट्यापर्यंत. घोट्यावर जरा थांबला.

पुढच्या रविवारी आमची पार्कातली मॅच, म्हणजे मराठी मंडळी थोडा वेळ पळतात आणि मग उरलेली दुपार पोहे खातात ती मॅच, तिथे हा पाहुणा म्हणून आला. येताना गाडीत मी आसावरीला एवढंच म्हणालो होतो, "तुला रस्त्यातलं कळत नाही, तू मध्ये बोलू नकोस." रोजचं वाक्य हो! कुणाच्या गाडीत नाही बोललं जात? हा मागच्या सीटवर. याला मराठी कळत नाही, पण हिचा चेहरा कळला. खेळ सुरू झाला, मी रेषेबाहेर उभा राहून पाणी पीत होतो, आणि डावीकडून काहीतरी आलं. बाटली झाडात, मी झुडपात, घोटा उलटा. मी ओरडलो, "अरे, बॉल कुठे होता?" तर आमचा सौमित्र, माझा जिगरी यार, माझ्याच टीममधला, म्हणाला, "नाही मनोहर, बॉल तुझ्या पायापाशी येत होता रे, दादाने आधी बॉलच घेतला." आणि हा मला उचलून उभं करतो, अंगावरची पानं झटकतो, "सॉरी, दाजी." दाजी! हिने शिकवलेलं!

दिवाळीला मी फक्त म्हणालो, चकली जरा कडक झालीय. याने मला शुभेच्छांची मिठी मारली. बरगडी. "दादाने प्रेमानेच धरलं रे," ही म्हणाली. आईचा फोन आला आणि मी म्हणालो, आई, तुझ्यासारखं वरण इथे नाही, तर रविवारी नडगी. आधी बॉल, मग माणूस. मी घरात इतका गोड बोलायला लागलो, इतका गोड, की सौमित्र घाबरून विचारायला आला, "यार, तुझी नोकरी गेली काय?"

पण एका गोष्टीत मी हललो नाही. ते सांगायलाच हवं. आसावरी स्टॅटिस्टिक्सची एम.एस्सी., सांगलीच्या कॉलेजात शिकवायची, पोरं नाव काढायची तिचं. इथे माझ्या व्हिसाला शेपटासारखी जोडलेली, नोकरी करायची नाही, पण शिकायला बंदी नाही. तिने गुपचूप परीक्षा दिली, युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळवला, आणि मी म्हणालो, "ग्रीन कार्ड येऊ दे, मग बघू." पुढच्या वर्षी पुन्हा मिळवला. "ग्रीन कार्ड येऊ दे, मग बघू." या वर्षी तिसऱ्यांदा. सोमवारी होकार कळवायचा, आणि मी नेहमीचं वाक्य म्हणालो. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. उठली आणि भांडी घासत बसली, घासलेलीच भांडी.

आणि त्याच शनिवारी दादाची निरोपाची मॅच. गुडघे संपले होते, क्लब म्हणाला, शेवटचं खेळ, टाळ्या घे, जा. सात वर्षं अमेरिकेत मार खाल्ला आणि दिला, त्याला ती एक संध्याकाळ हवी होती. शेवटच्या मिनिटापर्यंत मैदानात उभं राहायचं आणि चालत बाहेर पडायचं. लोक उभे राहतील, एवढंच. महिनाभर दुसरं बोलत नव्हता. आम्हाला तिकिटं त्यानेच दिली. मॅचच्या आधी ही त्याला भेटायला कुंपणापाशी गेली, ओवाळलं, आणि ओवाळता ओवाळता रडली. तो म्हणाला, "सिस्टर, व्हॉट हॅपन?" तिने सांगितलं.

हाफ टाइमला अमेरिकन लोकांना गंमत लागते. प्रेक्षकांतून एक सीट नंबर काढायचा, त्या माणसाने मैदानात उतरून डिफेंडरला चकवायचं आणि गोल मारायचा, मारला तर टोस्टर. नंबर कुणाचा निघाला? विचारूच नका! तिकिटं कुणी दिली होती? मी उतरलो. मंडळाची टोपी, ढगळ जीन्स, समोर बॉल. भोंग्यावर माझं नाव असं उच्चारलं की आईलाही ओळखू आलं नसतं. आणि समोर तो. मनगटावर या वर्षीची राखी, ताजी, लाल गोंडा. मी हळूच म्हणालो, "क्लेओमार, ईझी, मॅन, ईझी." तो म्हणाला, "दाजी. युनिव्हर्सिटी?"

आता बघा, माणसाने तिथेच हो म्हणायचं की नाही? हजारो लोक, बॉल पायात, गोल समोर... पण आमचं तोंड! सवयीचं तोंड! मी म्हणालो, "ग्रीन कार्ड येऊ दे, मग..."

'बघू' म्हणायच्या आत मी हवेत होतो. वर दिवे दिसले, मग गवत, मग पुन्हा दिवे. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला, वाळकी काटकी मोडते तसा. संत्र्याच्या फोडी खाणारी पोरं उभी राहून टाळ्या वाजवत होती, त्यांना वाटलं हाही कार्यक्रमच! आणि रेफ्री, बिचारा सरबत पीत होता, ग्लास टाकून धावत आला आणि दाखवलं लाल कार्ड. नियम म्हणे असा आहे, की मध्यंतरातही लाल ते लाल. म्हणजे दुसरा हाफ नाही. चालत बाहेर पडणं नाही, लोकांनी उभं राहणं नाही. ती एक संध्याकाळ त्याने माझ्या नडगीवर खर्च केली. मोठ्या पडद्यावर स्लो मोशनमध्ये दाखवत होते, स्ट्रेचरवरून मीही बघितलं, आणि खोटं कशाला बोलू... आधी बॉल. मग माणूस.

हॉस्पिटलात तो माझ्या प्लास्टरवर हात ठेवून बसला होता, जर्सीतच, गुडघ्यांना चिखल. मी हिने सांगितल्याप्रमाणे सॉरी म्हणालो. म्हणालो, तुझी शेवटची मॅच माझ्यामुळे गेली. तर हा आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणतो, "दाजी, आयुष्यभर दुसऱ्यांचे गोल राखले. ते क्लब विकले गेले, बंद पडले, कुणाला माझं नाव आठवत नाही. आज पहिल्यांदा आपल्या घरचं राखलं." आणि रडला हो. मीही रडलो. पाय दुखत होता म्हणून, असं मी नर्सला सांगितलं. सोमवारी मी स्वतः, माझ्या हाताने, युनिव्हर्सिटीला फोन लावून हिच्या हातात दिला.

तर आता आमची सकाळ अशी. माझ्या पायाला प्लास्टर, गाडी आसावरी चालवते, शेजारी दादा, तो रिटायर झालाय, त्याला दिवसभर वेळच वेळ. तुम्हाला सांगतो, फुटबॉलमधून माणूस रिटायर होतो, राखीतून नाही होत. पहिल्या दिवशी मी मागच्या सीटवरून अगदी अदबीने म्हणालो, माझी मीटिंग आहे, ऑफिस वाटेतच आहे, तर आधी मला सोडलंत तर... दोघांनी एकदम मागे वळून बघितलं.

"फर्स्ट युनिव्हर्सिटी," दादा म्हणाला. "देन मॅन."

मी सीटबेल्ट जरा घट्ट केला.