स्ट्रिक्ट पथ्य

जनावरांच्या दवाखान्यात एक मावशी गुबगुबीत कुत्रा पायाशी घेऊन बसल्या होत्या. शेजारी मांजरवाले काका.

"काय झालंय हो याला?"

"वजन वाढलंय. डॉक्टरांनी स्ट्रिक्ट पथ्य सांगितलंय. बिस्किटं बंद म्हणजे बंद."

"मग उतरलं का?"

"कुठलं! आमचे हे मुळीच स्ट्रिक्ट नाहीत. यानं शेपूट हलवलं की हे विरघळलेच. लाडालाडानं भरवतात."

"आणि तुम्ही?"

"मी भयंकर स्ट्रिक्ट आहे."

"म्हणजे बिस्किट देतच नाही?"

"देते. पण डोळे वटारून देते."

"आणि हा खातो?"

"खातो ना. पण मान खाली घालून. हिंमत आहे का माझ्याकडे बघायची!"