डाव्या कानाची गाडी

माझं नाव पुंडलिक, पण सगळी मला आप्पाच म्हणत्यात, तुम्हीबी आप्पाच म्हणा. आम्ही बेळगावाजवळच्या उचगावची. वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे, आणि घरात सायकल असून चालत जायाचे, टायर झिजतंय म्हणून, असला माणूस. त्यांचाच मी, हातातली वस्तू लवकर सोडत न्हाय. मच्छ्याला कारखान्यात लेथवर लागलो आणि गाडी घेतली शंभर सीसीची, तवा नवीकोरी हुती, आणि तीच चालवली आजपातूर. काय सांगू तुम्हाला, उन्हात, पावसात, थंडीत, अर्ध्या किकला चालू. माणसं दगा देत्यात हो, तिनं कवा दिला न्हाय.

आता बायकोचं सांगतो. म्हणजे गाडीचंच सांगतोय, कळंल तुम्हाला. सुमन, आमची मंडळी, हिंडलग्याच्या एका शाळेत पोरांचा भात शिजवाय जायाची. सकाळी मी तिला हिंडलग्याला सोडायचो आणि पुढं मच्छ्याला. येताना ती बसनं यायची. तर घरात आम्ही बोलतच न्हाय म्हटलं तरी चालंल. भांडण न्हवं हं, गैरसमज करून घेऊ नका. आधी आई हुती, आईपुढं नवराबायकोनं बोलत बसायचं न्हाय, मग पोरगी मोठी झाली, मग टीव्ही आला, ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. आमचं जे काय बोलणं ते सगळं गाडीवर. ती एका अंगानं बसायची, पाय डाव्या बाजूला सोडून, खांदा माझ्या पाठीला, आणि माझ्या डाव्या कानात बोलायची. उजवा कान मशिनींनी कवाच खाल्लाय. हेल्मेट घेतलं तेबी कान उघडं ऱ्हाणारं. मंगलला पुढं शिकवायचं का लगीन लावायचं, हे गाडीवर ठरलं, आज ती बेळगावात शिक्षिका हाय. आई गेली तवा मी रडलो तेबी गाडीवर, पुढं बघत. सुमनला तोंड दिसलं न्हाय, पण त्या दिवशी ती एक शब्द बोलली न्हाय, नुसता हात खांद्यावर ठेवला हिंडलगा येईपातूर. मला अजून तो हात आठवतो बघा.

तर औंदा दिवाळी झाली आणि गाडीनं मान टाकली. मिस्त्री म्हणाला, आप्पा, दोनदा इंजिन केलंय, आता पार्टबी मिळंनात, सोडा हिचा नाद. मग मी कंपनीच्या बसनं कामाला, सुमन गावच्या बसनं. आणि घर गप्प झालं. तिचा चेहरा उतरलेला दिसायचा. मी विचारायचो, काय झालं गं, ती म्हणायची, काय न्हाय, जेवा. काहीतरी हाय एवढं कळत हुतं, पण समोर बसवून विचारायची आम्हाला सवयच न्हाय, नजरेला नजर दिली की दोघंबी भांड्याकडं बघतोय.

म्हणून गाडी शोधाय लागलो, जुनीच, ह्या वयात नवी घेऊन कुणाला दाखवू. मंगल म्हणाली, आप्पा, स्कूटर घ्या, आईला सोपं पडंल. पण स्कूटरची चाकं बारकी, खड्ड्यात गेली की हिच्या कमरेत कळ येती. बेळगावात एक बघितली, दिसाय लई देखणी, पण मागची सीट एवढी उंच की सुमन चढून बसली आणि वरनं म्हणाली, अवो, हत्तीवरनं मिरवणूक काढायचीय काय माझी. तोंड कुठं, माझा कान कुठं. दुसरी बघितली, तिचा सायलेन्सर बदललेला. इकणारा म्हणाला, पिकअप बघा, टायर बघा. मी म्हटलं थांब, आधी मंडळी मागं बसू दे. आणि तिला म्हटलं, बोल. काय बोलू? काहीबी बोल. ती लाजली, मग काय बोलली देवाला ठाऊक, मला नुसतं डबडब डबडब. नको म्हटलं. तो हसाय लागला, आप्पा, बायकोचा आवाज ऐकून गाडी घेत्यात व्हय? मी म्हटलं, आम्ही घेतो.

मग निपाणीच्या मावसभावानं सांगितलं, गल्लीत एक रिटायर मास्तर हाईत, डोळ्याचं आपरेशन झालंय, गाडी काढायचीय. आम्ही दोघं बसनं गेलो. गाडी साधी, सीट सपाट, डाव्या अंगाला बायकांनी पाय ठेवायची पट्टी, तिचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. ते बघूनच माझं मन बसलं. मास्तर म्हणाले, चालवून या. निघालो. इंजिन शिलाई मशिनीगत चाललेलं. मी म्हटलं, बोल. काय न्हाय. जरा पुढं गेलो, काय न्हाय. म्हटलं हीबी गाडी गेली हातची. वेग कमी केला, आणि डाव्या कानात आलं, एकदम साफ.

अवो, मला आता भाताचं पातेलं उचलत न्हाय, गुडघे धरत्यात. मी शाळेत सांगून टाकलंय, ह्या महिन्याअखेरीला काम सोडतीय.

मी म्हटलं, कवा सांगितलंस शाळेत? म्हणाली, झाला की महिना. मी म्हटलं, महिना झाला आणि मला आज सांगतीस? तर काय म्हणाली सांगू? म्हणाली, मग सांगायला गाडी कुठं हुती.

माझ्या डोळ्याला पाणी आलं हो. परत फिरायचं सुचंना, तसाच पुढं गेलो, ती बोलत ऱ्हायली, मी व्हय व्हय म्हणत ऱ्हायलो. शाळेतल्या पोरांची सवय कशी सुटायची म्हणाली, रिकाम्या घरात भ्या वाटंल म्हणाली. गावाभाईरच्या तंबाखूच्या वखारीपातूर जाऊन आलो तर मास्तर रस्त्यावर येऊन उभे. म्हणाले, मला वाटलं गाडी घेऊन पळालासा. गाडी त्याच दिवशी घेतली.

आता मंगल म्हणती, आप्पा, आईला कुठं जायाचंच न्हाय, कंपनीची बस असताना गाडी कशाला घेतलासा? तिला काय सांगू मी. सुमन अजून रोज सकाळी आवरून मागं बसती, हिंडलग्याला उतरती, आणि समोरनं बस आली की तीच धरून घरी जाती. स्टॉपवरच्या बायका विचारत्यात, वैनी, काम सोडलासा न्हवं, मग कुठं गेलतासा? ती म्हणती, ह्यांना पोचवाय गेलते.

गुडघ्याचं काय, ते जायाचंच, माझंबी जाईल. माझा डावा कान तेवढा देवानं राखावा, आणि तुमच्याबी घरात कुणीतरी असं बोलणारं असू दे, दुसरं काय मागणं न्हाय बघा.