टोनीच्या आजोबांची पत्रं

२०२३ सालचा ऑक्टोबर होता. कॅनडातल्या हॅमिल्टनमधला माझा शेजारी टोनी इटलीहून आलेल्या आजोबांचे कागद टेबलावर मांडून बसला होता. आजोबांनी आजीला गावी पाठवलेल्या पत्रातली एक ओळ त्याला त्यांच्या थडग्यावर कोरायची होती.

मी कागद पाहिले. बोटीच्या कागदावर सहीच्या जागी फुली होती. पोलाद कारखान्याच्या कार्डावरही फुलीच.

"ही पत्रं त्यांनी लिहिलेली नाहीत," मी म्हणालो.

"मोरे, तुला इटालियन कधीपासून येतं?"

"येत नाही. पण माझा बाप अंगठा करायचा. त्याची पत्रं दुसरा लिहायचा आणि शेवटी लिहिणाऱ्याचा नमस्कार असायचा. शेवटची ओळ वाचून घे."

टोनीलाही इटालियन वाचता येत नाही; कोरायची ओळ त्याला आत्यानंच वाचून दाखवली होती. त्यानं पत्र शेजारी बसलेल्या नव्वदीच्या आत्याकडे सरकवलं.

"ती शेवटची ओळ घरातल्या घरात ठेवायची आहे," आत्या म्हणाली.

"वाच," टोनी म्हणाला.

आत्यानं वाचलं, "हे पत्र खाणावळवाल्या रोझानं लिहिलं. तुझ्या नवऱ्यानं त्याबद्दल वाइनची बाटली कबूल केली होती. ती अजून आलेली नाही."

टोनीचा चेहरा उतरला. "मग दगडावर काय कोरू?"

"तू निवडलेलीच ओळ," आत्या म्हणाली. " लिहिली रोझानं, पण सांगितली माझ्या बापानंच. पण आधी बाटली दे. रोझाची नात मागच्याच गल्लीत राहते."

टोनी बेसमेंटमध्ये गेला आणि स्वतः केलेल्या वाइनची बाटली घेऊन आला. आम्ही दोघं चालत गेलो. रोझाच्या नातीनं दार उघडलं. टोनीनं बाटली तिच्या हातात दिली.